आमचं दालमिलचं शेड कायद्यानं ‘कारखाना’ ठरतं का?

तूरवाला_दारव्हा

राम राम मंडळी. आमच्या गावातल्या अन् आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांची मिळून एक उत्पादक कंपनी आहे. आजवर तूर पोत्यात भरून बाजार समितीत नेऊन टाकायचो, पुढचा सगळा पैसा दुसऱ्याचा. यंदा ठरवलं की डाळ करूनच विकायची. मशीन बुक झालं, रस्त्याला लागून असलेल्या जागेत ४० बाय ८० फुटांचं टिनाचं शेड उभं होत आहे. लोखंडी खांब, छपराला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्या, तीन बाजूंनी टिन, चौथी बाजू उघडी. समोर वाळवणीचं सिमेंटचं अंगण. तेल-पाण्याचा हात दिलेली तूर तिथंच उन्हात पसरणार. बाजूला १२ बाय १८ ची एक खोली, तिथं बाया डाळ निवडतील अन् पिशव्या भरतील.

माणसांचा अंदाज असा: दिवसपाळीत मशीनवर ५, रात्रपाळीत ५, निवडायला ९ बाया, अंगणात ४, गाडी लागली की ४ हमाल. बाया अन् हमाल मुकादमाकडून येतील, आमच्या पगारावर नाहीत. हमाल सोडले तर एकावेळी फार तर अठरा माणसं दिसतील.

आता तालुक्यात ज्याला विचारावं त्याचं उत्तर वेगळं. एक म्हणतो तीन बाजूंचं टिनाचं शेड म्हणजे शेतीचं शेड, पक्की इमारत नाही तर कारखाना कसला. दुसरा म्हणतो जमीन एन.ए. (बिगरशेती) झाली की आपोआप कारखाना. तिसरा व्यापारी आहे, तो म्हणतो मस्टरवर माणसं कमी दाखवा, विषय संपला. मला हा तिसरा सल्ला नको आहे. काम करणारे सगळे आमच्याच गावचे आहेत, त्यातल्या कित्येक बाया आमच्या सभासदांच्या घरातल्या आहेत. नीट समजून घ्यायचं आहे की कायदा नेमकं काय पाहून कारखाना ठरवतो.

वकीलताई

दादा, तुमचा प्रश्न फार चांगला मांडलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, कायदा भिंती पाहत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात व्याख्येची सुरुवातच ‘जागा आणि तिच्या आवारासह’ अशी आहे. इमारत असलीच पाहिजे असं त्यात कुठंही नाही. मुंबई राज्यातल्या मिठागराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, अर्देशीर भिवंडीवाला यांचा. मिठागर म्हणजे उघडी जमीन, वर आभाळ. मालकाचं म्हणणं होतं की इथं इमारतच नाही. न्यायालयानं १९६१ मध्ये सांगितलं की ‘जागा’ या शब्दात उघडी जमीनही येते आणि मीठ पिकवणं ही उत्पादन प्रक्रियाच आहे. तेव्हा तुमचं अंगणही आवारात आलं आणि अंगणात तूर पसरणारी चार माणसंही मोजणीत आली.

दुसरी गोष्ट, तिथं चालतं काय. या १९४८ च्या जुन्या कायद्यातली उत्पादन प्रक्रियेची यादी एकदा शांतपणे वाचण्यासारखी आहे. वस्तू बनवणं तर आहेच, पण दुरुस्त करणं, धुणं, साफ करणं, तेल लावणं, पॅक करणं, मोडणं हेही आहे, जर ते विक्रीसाठी किंवा वाहतुकीसाठी असेल तर. पाणी उपसणं आहे, शीतगृहात माल ठेवणंसुद्धा आहे. आंध्रातल्या एका तंबाखूच्या जागेत पानं ओलवून, देठ काढून, गठ्ठे बांधून पुढं पाठवत, एवढंच काम. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीही उत्पादन प्रक्रिया धरली. डाळ भरडणं तर सरळसरळ त्यात बसतं.

तिसरी गोष्ट शक्तीची. वीज, डिझेल इंजिन, कुठलीही यंत्रानं पोचवलेली ऊर्जा म्हणजे शक्ती. माणसाची किंवा जनावराची ताकद त्यात धरत नाहीत, म्हणून बैलाची तेलघाणी विनाशक्तीच्या बाजूला जाते. आवाराच्या कुठल्याही एका भागात शक्तीवर काम चालत असलं की सगळ्या जागेला शक्तीवाला आकडा लागतो. तुमच्या बाया हातानं निवडतात म्हणून त्यांचा हिशेब वेगळा होत नाही.

आता आकडा. १९४८ च्या केंद्रीय कायद्यात शक्तीसह १० आणि शक्तीविना २० कामगार होते. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात तो अनुक्रमे २० आणि ४० आहे. पण मोजायची रीत तीच राहिली: मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी तेवढी माणसं असली तरी पुरे, आणि त्या दिवसाच्या सगळ्या पाळ्या एकत्र धरायच्या. ‘एकावेळी किती दिसतात’ हा प्रश्नच कायद्यात नाही.

तुमचा हिशेब करू. मशीनवर ५ आणि ५ मिळून १०, बाया ९, अंगणात ४. झाले २३. हमालांबद्दल वाद घालता येईल, पण त्यांना वगळलं तरी तुम्ही २० च्या वर आहात. मुकादमाकडून आलेली बाई ठेकेदारामार्फत आलेली कामगारच असते, तिला मोजणीतून काढता येत नाही.

तुमचं शेड कारखाना आहे.

नकाशेवाला

ताईंनी कामगार कायद्याची बाजू सांगितली. मी आराखडे करतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो. लोक इथं दोन-तीन कायदे एकात एक कालवतात.

एन.ए. हा जमिनीच्या वापराचा विषय आहे, १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतला. जमीन औद्योगिक वापराला लागली म्हणून तिथं कारखाना ‘झाला’ असं नाही, आणि एन.ए. नाही म्हणून तुम्ही कामगार कायद्यातून सुटलात असंही नाही. दोन्ही फायली वेगळ्या टेबलांवर फिरतात.

बांधकामाचं वर्गीकरण आणखी तिसरं. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत इमारतींचे वापरानुसार गट आहेत. राहण्याची गट ए, शाळा बी, असं करत औद्योगिक इमारत गट जी, साठवणुकीची गट एच आणि धोकादायक गट जे. गट जी च्या पोटात पुन्हा तीन भाग आहेत. आतला माल पेटलाच तरी आग आपोआप पसरणार नाही, तो कमी धोक्याचा जी-१. मध्यम वेगानं जळेल, धूर बराच होईल पण विषारी वायू किंवा स्फोट नाही, तो जी-२. झपाट्यानं पेटेल, विषारी धूर किंवा स्फोट होऊ शकेल, तो जी-३. म्हणजे इथं माणसं मोजत नाहीत, आत काय जळेल ते पाहतात. पाच माणसांची जागासुद्धा जी-३ होऊ शकते. बाहेर पडायचे दरवाजे किती, जिना किती रुंद, पाण्याची टाकी केवढी, हे सगळं त्या गटावरून ठरतं.

दालमिलमध्ये माझी काळजी भुशाची अन् चुनीची (डाळीच्या बारीक चुऱ्याची) असते. बारीक कोरडी धूळ बंद जागेत हवेत तरंगली आणि ठिणगी मिळाली तर ती नुसती जळत नाही, उडते. जुन्या कायद्याच्या कलम ३७ मध्ये स्फोटक धुळीचा वेगळा बंदोबस्त सांगितलाय तो त्यासाठीच. तुमची चौथी बाजू उघडी आहे हे चांगलं आहे. पावसाळ्याच्या भीतीनं ती टिनानं बंद करू नका. करायचीच असेल तर आधी धूळ ओढणारा पंखा अन् सायक्लोन (हवेतली धूळ वेगळी करणारं यंत्र) बसवा.

आता ती १२ बाय १८ ची खोली. उंची किती धरलीय?

तूरवाला_दारव्हा

दहा फूट. ताई, नकाशेवाला भाऊ, दोघांचेही आभार. आमच्या सभेत हे जसंच्या तसं वाचून दाखवणार.

नकाशेवाला

मग ऐका. १९४८ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये दर कामगारामागं किमान १४.२ घनमीटर जागा हवी असं होतं, आणि जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची पोकळी त्यात धरायची नाही. नकाशा काढताना मी आजही तोच हिशेब धरतो. १२ गुणिले १८ गुणिले १० म्हणजे २१६० घनफूट. १४.२ घनमीटर म्हणजे जवळपास ५०१ घनफूट. भागाकार केला तर चार बाया बसतील, नऊ नाही. आणि त्यात डाळीची पोती, वजनकाटा, पिशव्या शिवायचं मशीन आलंच.

विदर्भातल्या मे महिन्यात टिनाखाली दहा फूट उंचीच्या खोलीत नऊ बाया दिवसभर मान खाली घालून बसल्या तर काय होतं हे कुणाला सांगायला नको. उंची चौदा फूट घ्या, लांबी वाढवा, समोरासमोर खिडक्या द्या. पाया अजून भरला नसेल तर आत्ताच.

जुना_जिनवाला

पोरा, हे लोक बराबर सांगून रायले. मी वर्धा जिल्ह्यातला, उभी हयात कापसाच्या जिनात गेली. म्हणून दोन शब्द लिहितो.

आमच्या इथं मस्टरवर नऊ नावं असत. आत रेच्यावर (सरकी काढायच्या मशीनवर), गंजीवर, प्रेसवर, सरकीच्या खड्ड्यावर मिळून तीसच्या वर माणूस. साहेबाची जीप वळली का बाकीच्यायले मागच्या फाटकानं काढत अन् कापसाच्या गाड्यायमागं बसवत. शेडच्या मधात एक टिनाचा पडदा होता. इकडचं नाव बापाचं, तिकडचं नाव लेकाचं, पट्टा एकच, मोटर एकच. कागदावर दोन मिली. असं केलं का दोन्हीकडं माणसं कमी भरत.

माह्या सख्ख्या मामाची तीन बोटं रेच्याच्या रोलरात गेली. रुई अडकली म्हणून मशीन चालू ठेवून हात घातला, कारण बंद करायले वेळ लागते अन् मुकादम बोंबलते. मालक म्हणे हा माणूस आमचा नाहीच, मस्टर पाहा. मामाले दवाखान्याचा खर्च गावातल्या लोकायनं वर्गणी करून दिला.

अन् आग. कैच्यायवर रुईचा थर बसते, बोटभर जाड, पांढरा. कापसात गोटा नाही तं लोखंडाचा तुकडा आला अन् रोलरवर घासला का ठिणगी. थे ठिणगी खाली विझली असं वाटते, तवर वर कैचीवरून आग पूर्ण शेडभर धावते. म्हणून पोरा, शेडचं नाव काय ठेवायचं त्याच्या आधी कैच्या झाडायले माणूस कोण अन् हप्त्यातून कोणत्या दिवशी, थे ठरव.

वकीलताई

काका, तुमच्या मामांच्या बाबतीत झालं ते वाचून फार वाईट वाटलं. त्यांना हक्क होता आणि तो कुणी सांगितला नाही.

मस्टरवर नाव नाही म्हणजे कामगार नाही, असं कायदा कधीच म्हणत नव्हता. जुन्या कायद्याचं कलम १०३ नेमकं यासाठी होतं. यंत्र चालू असताना किंवा काम चालू असताना, जेवणाची-विश्रांतीची वेळ सोडून, जो माणूस आत सापडेल तो तिथं कामाला आहे असंच धरायचं. नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. टिनाच्या पडद्याचंही तसंच. कलम ४ खाली दोन कारखाने एकच आहेत असं शासन जाहीर करू शकत होतं. आणि कलम ८५ खाली आकडा भरत नसला तरी एखाद्या जागेला कायदा लावता येत होता. फक्त घरातल्याच माणसांच्या मदतीनं काम करणाऱ्याला त्यातून सूट होती.

नुकसानभरपाईचा कायदा तर १९२३ पासूनचा. शक्तीवर चालणाऱ्या उत्पादनाच्या जागेत अपघात झाला तर भरपाई देताना तिथं दहा माणसं होती की चार, हे तो कायदा अलीकडच्या काळात विचारत नव्हता. ‘आम्ही कारखाना नाही, म्हणून भरपाई नाही’ असं कुणी मालक म्हणाला तर ते खोटं आहे. हे वाचणाऱ्या प्रत्येकानं आपल्या घरात सांगून ठेवावं.

इतिहासप्रेमी_अकोट

या आकड्याचा प्रवास पाहिला तर आपल्या भागाचं नशीब त्यात दिसतं. १८८१ चा पहिला कारखाने कायदा आला तेव्हा शक्तीवर चालणारी आणि १०० माणसांची जागा असेल तरच तो लागू होता. शिवाय वर्षातले चार महिने किंवा कमी चालणाऱ्या जागा बाहेर. म्हणजे १८७७ मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल आत, आणि कापसाचा हंगाम संपला की बंद होणारी जिनं बाहेर. १८९१ मध्ये आकडा ५० झाला, १९११ मध्ये हंगामी कारखाने कायद्यात आले, १९२२ मध्ये आकडा २०, १९४८ मध्ये १०. आता संहितेत परत २०. १९४८ मध्ये मिळालेली १० ते १९ कामगारांची जागा आपण व्याख्येतून गमावली याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ग्रामीण विदर्भातली बरीचशी प्रक्रिया केंद्रं याच आकाराची असतात.

वकीलताई

तुमचं दुःख योग्य आहे, पण एक दार उघडं आहे. संहितेत १० किंवा जास्त कामगारांची जागा ‘कारखाना’ ठरली नाही तरी ‘आस्थापना’ ठरते आणि तिची नोंदणी लागते. नेमणूक पत्र देणं, कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणं, ही मालकाची कर्तव्यं तिथंही आहेत. बारा-पंधरा माणसांच्या मिलमधल्या कामगारानं नेमणूक पत्र मागावं. तो एक कागद हातात असला की मस्टरचा अर्धा खेळ थांबतो.

हंगामी कारखान्यांची वेगळी गोष्ट सांगायची राहिली. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) हंगामी कारखाने वगळलेले आहेत, आणि त्या यादीत कापसाची जिनिंग-प्रेसिंग, भुईमूग फोडणं, गूळ धरून साखर असे उद्योग नावानिशी आहेत. दालमिल त्या नावांत नाही. तूरवाला दादा, विम्याच्या नोंदणीची चौकशी वेगळी करा.

संत्राबाग

मी वरूड भागातला. आमच्याकडं संत्र्याची प्रतवारी, धुणं, मेणाचा थर देणं अन् पेटीत भरणं एवढंच चालतं. सगळे म्हणतात हे शेतीचंच काम. वरची यादी वाचून धडकी भरली. धुणं आहे, पॅकिंग आहे, पट्टा विजेवर आहे. हंगामात एका दिवशी चाळीस माणसं सहज असतात. मग आमचं पॅकहाउसही कारखानाच ना?

वकीलताई

तुम्ही सांगता तसं असेल तर हो. बागेत झाडावरून संत्री तोडणारा माणूस शेतीच्या कामावर आहे. तीच संत्री विजेच्या पट्ट्यावर धुऊन, मेण लावून, पेटीत भरणारा माणूस उत्पादन प्रक्रियेत आहे. हंगाम दोन महिन्यांचा असला तरी फरक पडत नाही, कारण एक दिवससुद्धा पुरतो. नुसतं गोदाम असतं, माल आला-ठेवला-गेला, तर गोष्ट वेगळी होती.

धानपट्टी

आमच्या भंडारा-गोंदिया भागात राईस मिली आहेत, पण मला बिडीचं सांगायचं आहे. माझी आई बिड्या वळायची. बिडी कारखानदार म्हणायचे, हे लोक नगावर काम करतात, केव्हाही येतात, केव्हाही जातात, हे आमचे कामगार नाहीत. नागपूरच्या एका बिडी कारखान्याचं असंच प्रकरण, बिरधीचंद शर्मा विरुद्ध पहिले दिवाणी न्यायाधीश, नागपूर, सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६० मध्ये निकाल लागला: मजुरी नगावर असली, येण्याजाण्याची थोडी मोकळीक असली, तरी काम कारखान्यात येऊनच करायचं आहे आणि खराब बिडी परत करायचा अधिकार मालकाकडं आहे, म्हणून ते कामगारच, त्यांना रजेचा हक्क आहे. घरी बसून वळणाऱ्या बाया मात्र यात आल्या नाहीत, त्यांच्यासाठी १९६६ चा बिडी-सिगार कामगारांचा वेगळा कायदा करावा लागला. तूरवाला भाऊ, तुमच्या बायांनाही किलोवर मजुरी देणार असाल तर हे ध्यानात असू द्या.

तूरवाला_दारव्हा

किलोवरच ठरली होती. आता समजलं की त्यानं काही बदलत नाही.

काल सभा झाली. जुना_जिनवाला काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला तेव्हा मागं बसलेली एक म्हातारी उठून म्हणाली, आमच्याकडंही असंच झालं होतं. मग कुणी मस्टर कमी दाखवायचा विषय काढला नाही. खोली मोठी करायचं ठरलं. पाया भरायचा होता, त्यामुळे वाचलो. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं नकाशा मंजुरीला द्यायचा आहे.

एक अडचण उरली. अर्जात भोगवटादार म्हणून, म्हणजे कारखान्याचा शेवटचा जबाबदार माणूस म्हणून, सही कुणाची? सगळे म्हणतात आपल्या व्यवस्थापकाची टाका, तो पगारी आहे, काही झालं तर त्याचं पाहू.

वकीलताई

नाही. कंपनी असेल तर भोगवटादार संचालकांपैकीच एक असतो. जे. के. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये हे स्पष्ट केलं, पगारी अधिकाऱ्याला पुढं करून संचालकांना मागं राहता येत नाही. संहितेतही तेच आहे. ठरावात संचालकाचं नाव घाला. जो रोज शेडवर येतो आणि मशीन बंद करा म्हटलं तर ज्याचं सगळे ऐकतात, असा संचालक निवडा.

नकाशेवाला

आणि नकाशात अंगण दाखवायला विसरू नका. बरेच जण फक्त शेड दाखवतात. अंगण, मोटरची खोली, बायांची निवडायची खोली, संडास, पिण्याच्या पाण्याची टाकी, गाडी लागायची जागा, सगळं एकाच कागदावर मापासकट. पिण्याचं पाणी आणि संडास यांच्यात अंतर ठेवा, जुन्या कायद्यात ६ मीटर सांगितलं होतं. नकाशा काढून झाला की इथं आकडे टाका, मी पाहून देतो.

जुना_जिनवाला

अन् मशीनच्या पट्ट्यावर जाळी. पहिल्या दिवसापासून.